नकलेलाही अक्कल लागते

(संस्थेच्या वार्षिक पालक-विद्यार्थी मेळाव्यात जरीपटका, नागपूर येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर. वक्ते मराठी विषयाचे शिक्षक असून बी.ए., बी.एड. आहेत.)





अभ्यास, शिस्त, परीक्षा हे आपल्या मेळाव्याचे नेहमीचे विषय. त्यांवर बोलण्यास माझ्यापेक्षा अधिकारी मंडळी येथे बसलेली आहेत. मी आज एक लहानसा विषय घेतला आहे, आणि तो मला पालकांच्या तक्रारीतूनच मिळाला. पालकसभेत जी तक्रार मी सर्वांत जास्त वेळा ऐकतो ती अशी : "सर, पोरगं तासन्‌तास मोबाइल घेऊन बसतं, एकटंच हसतं. काय आहे विचारलं तर म्हणतं, दोस्तानं गंमत पाठवली." आणि पोराला बाजूला घेऊन विचारावे, तर ते म्हणते, "सर, अब्बांच्या मोबाइलवर तर आमच्यापेक्षा जास्त मेसेज येतात!" माझ्या मते दोघांचेही म्हणणे खरे आहे. तेव्हा इंटरनेटवर सापडलेल्या गमती आणि नवेनवे शब्द दोस्तांना पाठवणे ही गोष्ट चांगली की वाईट, आणि चांगली असेल तर ती कशी करावी, याचा आज आपण थोडा विचार करू.

पहिली गोष्ट मी स्पष्टच सांगतो. काही गमतीदार सापडले की ते दोस्ताला दाखवावेसे वाटणे यात काडीचाही दोष नाही. चिंचेच्या झाडावर पोपटाची ढोली दिसली, तर ती एकट्याने पाहून गप्प बसणारा मुलगा मला अजून भेटायचा आहे. सापडले की सांगावे, हा माणसाचा स्वभावच आहे. मात्र सापडलेली वस्तू आणि नुसती पुढे ढकललेली वस्तू यांत फरक आहे. आमच्या वडिलांच्या पिढीत घरोघर पोस्टकार्डे येत : हे पत्र वाचून इतक्या जणांना लिहा, भरभराट होईल, न लिहाल तर अनिष्ट घडेल. माणसे भीतीने लिहीत बसत. पुढे ई-मेल आला तेव्हा अशा निरोपांना मराठीत कोणीतरी 'ढकलपत्र' असे झकास नाव दिले. २००९ साली व्हॉट्‌सअॅप निघाले आणि ढकलण्याला बोटाचा एक स्पर्श पुरू लागला. पोस्टकार्डाला निदान पैसे पडत, हात दुखत. आता हातही दुखत नाही आणि डोकेही वापरावे लागत नाही.

म्हणून मी माझ्या विद्यार्थ्यांना सांगतो की पाठवायचेच असेल तर स्वतः शोधलेले पाठवा. आणि शोधायचे काय, असे विचाराल तर शब्द शोधा. शब्दासारखी स्वस्त, टिकाऊ आणि गमतीची भेट दुसरी नाही. तुम्हाला वाटेल, हे मास्तर शेवटी मास्तरकीवरच आले! म्हणून काही नमुने समोर ठेवतो.

आपण जेथे बसलो आहोत त्या वस्तीचे नावच घ्या. जरीपटका. रोज बसवर, पत्त्यावर, दुकानाच्या पाटीवर आपण हे नाव वाचतो. जरीपटका म्हणजे मराठ्यांचे सोनेरी निशाण. यातील 'जरी' हा शब्द फारसी 'जर' म्हणजे सोने यापासून आला आणि 'पटका' हा संस्कृत 'पट' म्हणजे वस्त्र याच्या कुळातला. मराठ्यांचा झेंडा, आणि त्याच्या नावात फारसी सोने व देशी कापड एकत्र विणलेले!

आता शाळेत या. पाठीवर तुम्ही घेऊन येता ते 'दप्तर'. हा शब्द फारसीतून आपल्याकडे आला, पण त्याचे मूळ ग्रीक भाषेत आहे, आणि तेथे त्याचा अर्थ कमावलेले कातडे. पूर्वी कातड्यावर लिहीत, म्हणून लिखाणाची चोपडी ती दप्तर. मग चोपड्या ठेवण्याची कचेरी ती दप्तर. आणि आपल्या मुलांच्या पाठीवरचे ओझे तेही दप्तर. 'शाई' हा शब्द 'सियाही'वरून आला, म्हणजे काळेपणा. तेव्हा आम्ही शिक्षक वह्या तपासताना जी 'लाल शाई' वापरतो, ती शब्दशः लाल काळोखी होय. नापास झालेल्या विद्यार्थ्याला हा अर्थ लगेच पटेल. बक्षीस घेताना ऐकू येतो तो 'शाबास' म्हणजे 'शाद बाश', आनंदी राहा. 'गुलाब' म्हणजे 'गुल' अधिक 'आब', फुलाचे पाणी. फारसीत तो अर्थ गुलाबपाण्याचा आहे, आपण मात्र पाण्याचे नाव फुलालाच देऊन टाकले. आणि ज्या 'जिल्ह्या'त आपण राहतो, त्याच्या मूळ अरबी शब्दाचा अर्थ बरगडी, म्हणजे अंगाची एक बाजू. भूगोलाच्या पुस्तकात जिल्ह्यांचा नकाशा पाहा. राज्याच्या बरगड्या मोजल्यासारखे वाटेल.

नागपूरकराला संत्र्याशिवाय गोष्ट पूर्ण वाटत नाही. संत्र्याच्या भाईबंदाला आपण नारंगी म्हणतो. संस्कृतात 'नारंग', तेथून फारसीत 'नारंग', अरबीत 'नारंज', अरबांबरोबर स्पेनमध्ये जाऊन 'नारांहा', आणि फ्रेंचांपर्यंत पोहोचताना आरंभीचा 'न' गळून 'ऑरेंज'. तेथून तो इंग्रजीत गेला आणि इंग्रजी शाळेत बसून आपल्याकडे परत आला. हजारो कोसांचा हा प्रवास कोणत्याही सरकारने घडवून आणला नाही. व्यापाऱ्याने गिऱ्हाइकाला, माळ्याने शेजाऱ्याला, खलाशाने दोस्ताला फळ दिले आणि फळाबरोबर शब्द दिला. याला म्हणतात खरे 'शेअर' करणे.

आपल्या शेजाऱ्यांकडेही असाच खजिना आहे. १९४७ च्या फाळणीनंतर घरदार सोडून आलेले सिंधी बांधव जरीपटक्यात वसले. सिंधी दुकानदार आपल्या घरच्यांशी बोलत असेल तेव्हा कान देऊन ऐका. वाक्याच्या शेवटी तुम्हाला 'आहे' असे ऐकू येईल. मराठीत जे 'आहे', तेच आणि त्याच अर्थाने सिंधीतही 'आहे'! मध्ये राजस्थान-गुजरातचा एवढा मुलूख पसरलेला, तरी क्रियापद जुळले. आणि ज्याला आपण कांदा म्हणतो, हिंदी-उर्दूत प्याज म्हणतात, त्याला सिंधीत 'बसर' म्हणतात. हा अरबी 'बसल'चा नातलग. एका भाजीच्या गाडीवर उभे राहून तीन भाषांचा धडा होतो, आणि त्याला फी लागत नाही.

मित्रहो, शब्द जमवण्याचा हा छंद रिकामटेकड्यांचा नाही. राज्याभिषेकानंतर शिवाजी महाराजांच्या कारकीर्दीत 'राज्यव्यवहारकोश' तयार झाला. कारभारातील फारसी-अरबी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देणे हा त्याचा हेतू होता. पेशव्याला मुख्य प्रधान, मुजुमदाराला अमात्य, सरनौबताला सेनापती ही नावे त्या काळातली. काळाची गंमत अशी, की पुढे 'पेशवा' हाच शब्द पुन्हा गादीवर बसला आणि शतकभर टिकला. लोकांच्या तोंडी रुळलेला शब्द सहजासहजी जात नाही. मोल्सवर्थ या इंग्रज अधिकाऱ्याने पंडितांना हाताशी धरून गावोगावचे शब्द गोळा करवले. त्याचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली निघाला आणि १८५७ च्या दुसऱ्या आवृत्तीत शब्दसंख्या सुमारे ६०,००० वर गेली. दाते-कर्वे यांच्या संपादक मंडळाने 'महाराष्ट्र शब्दकोशा'चे सात खंड १९३२ ते १९३८ या काळात काढले. कवी माधव जूलियन हे फारसीचे प्राध्यापक. त्यांनी १९२५ साली फारसी-मराठी कोश दिला. आणि डॉ. यू. म. पठाण यांनी मराठी बखरींतील फारसीचा अभ्यास केला, संतसाहित्यावर आयुष्य वेचले आणि १९९० साली पुण्याच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद भूषवले. मराठी आपली कशी, असा प्रश्न मनात येणाऱ्या मुलाने ही दोन नावे शेजारी शेजारी लिहून ठेवावीत : पटवर्धन आडनावाचा माणूस फारसीचा कोश करतो आणि पठाण आडनावाचा माणूस मराठी संतांवर अधिकाराने बोलतो. भाषा कोणाच्या सातबाऱ्यावर चढलेली नसते.

आमच्या वर्गात शनिवारी शेवटच्या तासाला प्रत्येकाने एक अनोळखी शब्द आणायचा, असा नेम आहे. अट एकच : शब्द कोणाकडून मिळाला ते सांगायचे. एका मुलाचे वडील बांधकामावर मिस्त्री आहेत. वडील काय करतात असे विचारले की तो खाली पाहायचा. एका शनिवारी तो 'गिलावा' हा शब्द घेऊन आला. भिंतीला चढवतात तो गिलावा. कोशात पाहिले तर मूळ फारसी 'गिलाबा'. 'गिल' म्हणजे माती आणि 'आब' म्हणजे पाणी. म्हणजे गुलाबातले पाणी आणि गिलाव्यातले पाणी एकच निघाले! सारा वर्ग त्याच्या भोवती जमला. पुढच्या आठवड्यात तो ओळंबा, रंधा, थापी असे शब्द वडिलांना विचारून वहीत लिहून आला. आणि वडिलांचे नाव त्याने त्या वहीत मोठ्या अक्षरांत लिहिले होते. त्यानंतर त्याला खाली पाहताना मी पाहिलेले नाही. पालकहो, ज्याला आपण साधे बोलणे समजतो त्यात आपल्या लेकरांसाठी अशी इज्जत दडलेली असते. शिवणकाम करणाऱ्या अम्मीकडे 'अस्तर' आहे, गॅरेजमध्ये काम करणाऱ्या मामूकडे हत्यारांची नावे आहेत, नानीकडे तर सबंध कोश आहे. तो कोश नानीबरोबर जाण्याआधी लिहून घ्या.

आता गोड बोलणे पुरे. थोडे कडू बोलतो.

'नक्कल' हा शब्द आपण कॉपी या अर्थाने वापरतो. परीक्षेत तर फारच वापरतो! अरबीत 'नक्ल' म्हणजे एका ठिकाणचे दुसऱ्या ठिकाणी नेणे. ऐकलेले पुढे पोहोचवणे हेही नक्लच. आणि 'अक्कल' म्हणजे बुद्धी. आपल्या जुन्या उलेमांच्या चर्चेत अक्ल आणि नक्ल ही जोडी नेहमी बरोबर येते. आपल्याकडेही म्हणतात, नकलेलाही अक्कल लागते. मोबाइलवरचे फॉरवर्ड म्हणजे निव्वळ नक्कल. तिच्या जोडीला अक्कल नसली की काय होते, ते पाहा.

तुम्हाला कधीतरी निरोप आला असेल की इंग्रजीतला 'न्यूज' हा शब्द नॉर्थ, ईस्ट, वेस्ट, साउथ या चार दिशांच्या आद्याक्षरांपासून झाला. ऐकायला छान, पण खोटे. 'न्यू' म्हणजे नवे, त्याचेच अनेकवचन 'न्यूज', नव्या गोष्टी; इतके ते साधे आहे. आपले राष्ट्रगीत युनेस्कोने जगात सर्वोत्कृष्ट ठरवले, हा निरोपही वर्षानुवर्षे फिरतो आहे. युनेस्कोने असा किताब कोणत्याही देशाच्या राष्ट्रगीताला दिलेला नाही. आपल्याला आपले राष्ट्रगीत प्रिय आहे ते कोणाच्या प्रमाणपत्रामुळे नव्हे. असल्या निरोपाने कोणाचा जीव जात नाही, हे खरे. पण न तपासता पुढे ढकलण्याची सवय मात्र येथेच लागते.

आणि ती सवय जीवही घेते. २०१८ साली मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवा व्हॉट्‌सअॅपवरून गावोगाव पसरल्या होत्या. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातील राईनपाडा या गावी सोलापूर जिल्ह्यातून आलेल्या, भिक्षा मागून पोट भरणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच माणसांना जमावाने ठार मारले. पाचही निरपराध होते. तो निरोप ज्यांनी पुढे पाठवला त्यांच्यातील बहुतेकांनी कोणावर हातही उगारला नसेल. ते आपल्यासारखेच बापलोक असतील, लेकरांच्या काळजीपोटी त्यांनी 'सावध राहा' म्हणून पाठवला असेल. त्याच महिन्यात व्हॉट्‌सअॅपने भारतात एक निरोप एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल, असा निर्बंध जाहीर केला. कंपनीने बोटाला आवर घातला. मनाला आवर घालण्याचे काम आपलेच आहे.

आणि ते काम आपल्या परंपरेला नवे नाही. हदीसच्या संकलकांनी काय केले ते आठवा. प्रत्येक वचनाबरोबर ते कोणी कोणाकडून ऐकले याची संपूर्ण साखळी, म्हणजे इस्नाद, सांगावी लागे. मधला एक दुवा कच्चा निघाला की वचन कमकुवत ठरे. सांगणाऱ्यांच्या चारित्र्याची, स्मरणशक्तीची छाननी करणारे 'अस्मा-उर-रिजाल' हे स्वतंत्र शास्त्रच निर्माण झाले. इमाम बुखारी यांनी नवव्या शतकात याच कामासाठी शहराशहरांतून प्रवास केला. कुरआनच्या सूरह हुजुरातमध्येही आलेल्या बातमीची आधी शहानिशा करण्याची शिकवण आहे. ज्यांच्या पूर्वजांनी पायी चालून खात्री केली, त्यांनी बसल्या जागी खात्री न करता बोट दाबावे, हे शोभत नाही. 'हे तुला कोणी सांगितले?' एवढा एक प्रश्न विचारण्याची लाज वाटू देऊ नका.

विनोदाबद्दलही दोन शब्द सांगतो. उर्दूत विनोदी चुटक्याला 'लतीफा' म्हणतात, आणि 'लतीफ' म्हणजे नाजूक, तरल. संस्कृत 'विनोद' या शब्दाचा मूळ अर्थ दूर सारणे, म्हणजे मनाचा शीण घालवणे. दोन्ही भाषांनी आपापल्या परीने एकच सांगितले आहे की विनोदाने मन हलके व्हावे. कोणाच्या रंगावर, जाडीवर, बोबड्या बोलण्यावर, जातीवर वा धर्मावर केलेली थट्टा लतीफ नसते आणि ती कोणाचा शीण घालवत नाही. वर्गाच्या ग्रुपवर एका मुलाचा फोटो बिघडवून टाकला, पस्तीस जण हसले, आणि तो मुलगा चार दिवस शाळेत आला नाही, अशी उदाहरणे शिक्षकांना नवी नाहीत. हसणाऱ्या पस्तीस जणांत त्याचे जिवलग दोस्तही होते, हे त्याला जास्त लागते.

येथे मला आणखी एक शब्द सांगावासा वाटतो. 'गरीब' म्हणजे आपण पैसे नसलेला असे समजतो. अरबीत 'ग़रीब' म्हणजे परका, अनोळखी. अपरिचित शब्दालाही अरबीत ग़रीब म्हणतात, आणि कुरआन-हदीसमधील अशा शब्दांचे अर्थ सांगणारे ग्रंथ याच नावाने ओळखले जातात. राईनपाड्याला आलेली ती पाच माणसे दोन्ही अर्थांनी गरीब होती. अनोळखी शब्द भेटला तर आपण कोश उघडतो, त्याचे घर विचारतो, अर्थ समजून घेतो. अनोळखी माणूस भेटला तरी तेच करावे. माझ्या आजच्या बोलण्याचा सारा मतलब यात आला.

विद्यार्थ्यांनी चार गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

पहिली : जे पाठवाल ते आधी स्वतः शेवटपर्यंत वाचा किंवा पाहा. न चाखलेला पदार्थ पाहुण्याच्या ताटात वाढू नये.

दुसरी : शब्द असो वा बातमी, कोठून मिळाली ते सांगा. शब्दाची खात्री कोशात करा. मोल्सवर्थ आणि दाते-कर्वे यांचे कोश शिकागो विद्यापीठाने इंटरनेटवर सर्वांसाठी मोफत ठेवले आहेत. ज्या मोबाइलवर खोटे येते त्याच मोबाइलवर ते तपासण्याचे साधनही आहे.

तिसरी : ज्याच्यावर गंमत आहे तो समोर बसला असता तर ती मोठ्याने वाचली असती का, हे मनाला विचारा.

चौथी : ढीग पाठवू नका. आठवड्यात एकच, पण त्या दोस्ताला आवडेल असे निवडून पाठवा. निवडून दिली तरच भेट, नाहीतर तो केरच.

पालकांना माझी विनंती एवढीच की मोबाइल हिसकावून घेण्याआधी एकदा शेजारी बसून विचारा, "आज काय सापडलं?" त्याने एक दाखवले तर तुम्ही तुमच्या लहानपणचा, तुमच्या धंद्यातला एखादा शब्द त्याला द्या. देवाणघेवाण सुरू झाली की मूल एकटे हसणार नाही. आणि तुमच्याकडे आलेला खळबळजनक निरोप पुढे पाठवण्याआधी तोच मुलाला दाखवून विचारा, "बघ रे, हे खरं आहे का?" शिकलेल्या लेकराचा घरात याहून मोठा उपयोग कोणता?

असो. भाषण लांबले. आता मी आपली रजा घेतो. हा 'रजा' शब्दही अरबी आहे आणि त्याचा मूळ अर्थ संमती, राजीखुशी. तेव्हा आपल्या राजीखुशीने खाली बसतो. हा शब्द घरी जाऊन कोणाला सांगावासा वाटला तर जरूर सांगा. फक्त कोशात एकदा पाहून मग सांगा.

खुदा हाफिज. जय हिंद, जय महाराष्ट्र.